घेरणे, घेरी आणि घेराव



चालकांनी आमच्याकडे व्याख्यानाचा विषय मागितला तेव्हा आम्ही ‘घेरणे’ एवढाच एक शब्द लिहून पाठविला. त्यांना वाटले, पुढचा मजकूर चुकून राहिला असावा. परंतु मजकूर तेवढाच होता. कामगार चळवळीतला माणूस म्हणजे तो महागाईभत्त्यावर बोलणार, ही आपली अपेक्षा रास्त आहे. पण महागाईभत्त्यावर आम्ही वर्षभर फाटकावर बोलतो. इथे मंडप आहे, वैशाखाचे ऊन उतरले आहे, समोर बसलेली मंडळी घाईत नाहीत. अशा वेळी एखादा शब्द हाती घेऊन तो उलटापालटा करून पाहावा, असे आम्हाला वाटले.

आम्ही भाषापंडित नव्हे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. वडील एम्प्रेस मिलच्या विणाईखात्यात होते. १८७७ सालच्या पहिल्या जानेवारीस जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती गिरणी २००२ साली कायमची बंद पडली, हे आपणांस सांगावयास नको. तिचा भोंगा ऐकून घड्याळे लावणारी माणसे या मंडपातही असतील. आम्ही भाषा शिकलो ती फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात. त्या ढिगाऱ्यात एकदा मोल्सवर्थचा कोश हाती लागला. १८५७ सालच्या आवृत्तीचे ते पुनर्मुद्रण होते. पुठ्ठा गेलेला, पण पाने शाबूत. संघटनेच्या कचेरीत तो अजून आहे, आणि त्याचे ‘घ’चे पान आमच्या बोटांनी काळे झाले आहे.

त्या पानावर एकाच घरातली भावंडे शेजारी शेजारी बसलेली दिसतात. ‘घेर’ म्हणजे परीघ. लुगड्याचा, परकराचा, झाडाच्या बुंध्याचा असतो तो. ‘घेरा’ म्हणजे भोवतालचे कडे. शत्रूच्या फौजेचे असेल किंवा डोक्यावरच्या शेंडीचे. ‘घेरणे’ हे क्रियापद. आणि यांच्याच पंक्तीत ‘घेरी’. घेरी येते म्हणजे काय होते? बाहेरून कोणी आपल्याला वेढलेले नसते. आपण उभे असतो आणि जग आपल्याभोवती फिरू लागते. ‘घिरटी’ हा शब्दही याच कुटुंबातला दिसतो. घार कोंबडीच्या पिलांवर घिरट्या घालते ती. म्हणजे या शब्दाच्या पोटात मूळची कल्पना कोंडण्याची नाही, गोल फिरण्याची आहे. घार फिरते ती घिरटी, फिरून जी रेघ उमटते तो घेर, आणि त्या रेघेच्या आत जो सापडला त्याच्या डोक्यात तेच फिरणे सुरू होते, ती घेरी. बाहेरचे चक्र आत शिरते. एका धातूने ही सगळी हकिगत सांगून टाकली आहे.

या शब्दाला सरळ संस्कृत बाप सापडत नाही. राल्फ टर्नर यांनी भारतीय आर्यभाषांचा जो मोठा तुलनात्मक कोश केला, त्यात या शब्दांचे मूळ रूप तारा लावून, म्हणजे अनुमानाने, दिले आहे. हिंदीत ‘घिरना’ आणि ‘घेरना’, बंगालीत ‘घेरा’, गुजरातीत ‘घेरवुं’ असे सर्वत्र तो नांदतो. पोथीत मात्र त्याचा पत्ता नाही. आम्हाला यात थोडा आनंद होतो. आमच्यासारखाच तोही शाळेत न जाता मोठा झालेला आहे.

‘वेढणे’ याची कुळकथा वेगळी. संस्कृत ‘वेष्ट’पासून तो उतरला, वेष्टन शब्दाचा तो सख्खा. दोन्ही शब्द आज आपण अदलाबदलीने वापरतो, पण कान देऊन ऐकले तर फरक उरला आहे. पागोटे डोक्याला वेढतात, वेल झाडाला वेढते. वेढण्यात अंगाला अंग लागते. घेरण्यात मध्ये मोकळी जागा राहते. माणूस त्या जागेत उभा असतो, त्याला कोणी हात लावलेला नसतो, आणि तरीही त्याला जाता येत नाही. ‘अडवणे’ आणखी निराळे. अडवलेला माणूस मागे फिरू शकतो. घेरलेल्याला मागेही वाट नाही.

हा भेद आमच्या कल्पनेतला नाही. कायद्यानेही तो केला आहे. १८६० च्या दंडसंहितेत दोन शेजारची कलमे होती. माणसाला ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे त्या दिशेने जाऊ न देणे हा एक गुन्हा. त्याला ठरावीक सीमेच्या बाहेर कोणत्याच दिशेने जाऊ न देणे हा दुसरा, आणि त्याची शिक्षा जास्त. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, कलमांचे आकडे बदलले, भेद तसाच राहिला. या दोन्ही कलमांखाली आम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढलो आहोत, तेव्हा हा फरक आम्हाला पाठ आहे.

एक गोष्ट जाता जाता. पुणे जिल्ह्यात ‘घेरा पुरंदर’, ‘घेरा सिंहगड’ अशी गावांची नावे आहेत. किल्ल्याच्या पायथ्याभोवतीचा मुलूख तो घेरा. तिथल्या लोकांनी गडाची राखण करावी, गडाला लागेल ते पुरवावे. म्हणजे गडाला उपाशी मारण्यासाठी फौज घालते तोही घेरा, आणि गडाला जगवणारी वस्ती तीही घेरा. शब्द बिचारा कोणाचीच बाजू घेत नाही. आत कोण आहे आणि भोवती कोण आहे, एवढ्यावरच सारे ठरते.

आता आमच्या धंद्यातल्या शब्दांकडे येतो. ‘मोर्चा’ हा शब्द फारसीतून आला. जुन्या कागदांत मोर्चे ‘लावतात’. किल्ल्याला वेढा पडला की तोफांसाठी खंदक खणून, मातीचे आडोसे उभारून जी ठाणी करीत, ते मोर्चे. मोर्चेबंदी हा शब्द तिथलाच. तो मोर्चा एका जागी रुतून बसे. आज आपण मोर्चा ‘काढतो’ आणि तो चालत जातो. १९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे १९६० पासून बहुतेक हिवाळ्यांत विधिमंडळाचे अधिवेशन या गावात भरू लागले. आणि मोर्चा चालत कसा जातो, तो कुठे अडतो, अडल्यावर लोखंडी कठड्यांना टेकून बायामाणसे कशी भाकरी सोडतात, हे नागपूरकरांइतके दुसऱ्या कोणी पाहिले नसेल. मजा अशी, की आता रुतून बसलेली ठाणी सरकारची असतात आणि चालणारे आम्ही.

‘धरणे’ हा शब्द तर शुद्ध आपला. क्रियापदच नाम होऊन बसले आहे. धनको ऋणकोच्या दारात बसे, अन्न सोडी, आणि दारातला माणूस उपाशी असता घरातल्याने जेवू नये असा दंडक होता. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. त्याने तिथून लिहिलेल्या पत्रांत अशा धरण्यांची वर्णने आहेत. शिपायांचा पगार थकला की ते कारभाऱ्यावर धरणे धरीत. श्रोतेहो, पगार थकणे आणि त्यासाठी कारभाऱ्याला गाठणे, ही आमच्या संघटनेची दैनंदिनी आहे. तिला दोनशे वर्षांची परंपरा आहे हे वाचून आमची छाती थोडी फुगली. इंग्रजांनी या प्रथेचा इतका धसका घेतला होता की त्यांच्या १८६० च्या दंडसंहितेत, दैवी कोपाची भीती घालण्याच्या कलमाखाली, दारात धरणे धरून बसणाऱ्याचे उदाहरणच दिलेले होते.

पण त्या जुन्या धरण्यातली एक अट लक्षात ठेवा, कारण आम्ही तिच्याकडे परत येणार आहोत. भूक दोघांची असे. जो बसला तोही उपाशी, ज्याच्यावर बसला तोही उपाशी.

‘घेराव’ मात्र या सर्वांत धाकटा. तो कलकत्त्याकडून आला. १९६७ च्या मार्चमध्ये पश्चिम बंगालात संयुक्त आघाडीचे सरकार आले, सुबोध बॅनर्जी मजूरमंत्री झाले. व्यवस्थापकाला त्याच्या खोलीत घेरून कामगारांनी तासन्‌तास बसावयाचे, मागणी मान्य होईपर्यंत त्याला हलू द्यावयाचे नाही, असे प्रकार त्यापूर्वीही झाले असतील. परंतु त्या सरकारने पोलिसांना परिपत्रक काढून कळविले की, अशा ठिकाणी मजूरमंत्र्यांना विचारल्यावाचून मध्ये पडू नये. मग त्या काही महिन्यांत घेरावांची शेकड्यांनी मोजणी करावी लागली. कारखानदार कलकत्ता उच्च न्यायालयात गेले, आणि त्याच साली विशेष पीठाने ती परिपत्रके रद्द ठरविली. घेराव या शब्दाचा अर्थ काय, याचा काथ्याकूट न्यायमूर्तींना करावा लागला. माणसाभोवती कडे करणे असो वा जागेचा कब्जा घेणे असो, शरीराने केलेली नाकेबंदी तो घेराव, असा त्याचा आशय. त्यात माणूस कोंडला गेला की तो गुन्हा. संघटनेचा कामगार म्हणून सुटका नाही.

पुढे राष्ट्रीय श्रम आयोगाचा अहवाल १९६९ साली आला. आयोगाचे अध्यक्ष आपले मराठी न्यायमूर्ती गजेंद्रगडकर. कामगारांच्या बाजूने उदार निवाडे देणारे म्हणून आमच्या पिढीआधीच्या कार्यकर्त्यांना त्यांच्याविषयी आदर होता. पण घेरावाला कामगारांच्या निषेधाचा एक प्रकार मानता येणार नाही, असा स्पष्ट अभिप्राय त्या आयोगाने दिला. संपात आर्थिक दाब असतो, घेरावात शरीराची जबरदस्ती असते. त्यानंतर १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात, कामगार संघटनांच्या अनुचित प्रथांच्या यादीत, ‘घेराव’ हा शब्द इंग्रजी मसुद्यात जसाच्या तसा घातला गेला. त्याला इंग्रजीत पर्याय सापडला नाही. इंग्रजी कोशांतही तो गेला. फाटकावरचा शब्द कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला, तोही आरोपीच्या पिंजऱ्यात.

मराठीला मात्र तो परका वाटला नाही. त्याचे कारण ते शेवटचे ‘आव’. जमणे–जमाव, ठरणे–ठराव, उठणे–उठाव, बचावणे–बचाव, बनणे–बनाव, पाडणे–पाडाव. आमच्या संघटनेचा सारा इतिहास एवढ्या शब्दांत बसतो: जमाव होतो, ठराव होतो, कधी उठाव होतो, समोरचा बनाव रचतो, आणि शेवटी कोणाचा तरी पाडाव होतो. ठरावावरून आठवले. १९२९ साली याच नागपुरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. व्हिटले आयोगावर बहिष्काराचा ठराव झाला आणि ना. म. जोशी आपल्या मंडळींसह बाहेर पडले. एका ठरावाने जमाव दुभंगला. ते दुभंगणे सांधायला १९४० साल उजाडले. पण तो विषय आजचा नव्हे. घेराव आपण ‘घालतो’, ‘करीत’ नाही. वेढा घालतात, गराडा घालतात, तसाच. नागपुरात मात्र हिंदीच्या शेजारामुळे ‘घेराव केला’ हेही सर्रास ऐकू येते, आणि त्यावरून कोणी आम्हाला अडवलेले नाही.

आता आम्ही घातलेल्या एका घेरावाची हकिगत सांगतो. एका कारखान्याची आहे. नाव सांगण्याचे कारण नाही, तो आता उरलेलाही नाही. तीन महिन्यांचा पगार थकला होता. दिवाळी आली. मालक परगावी. कारखान्यात मोठा म्हणावा असा एकच माणूस होता, हिशेबखात्याचा अधिकारी, पन्नाशी उलटलेला. आम्ही त्या वेळी तिशीच्या आत होतो, आवाज मोठा होता. सकाळी अकराला आम्ही त्याच्या खोलीत शिरलो, दाराला पाठ लावून माणसे बसवली, व्हरांडा भरला, खिडक्यांशी माणसे उभी राहिली. साहेबाने टेलिफोन केले. पलीकडून उत्तर नाही. दुपारी आमच्या मंडळींनी पाळीपाळीने डबे खाल्ले. एक तुकडी खाऊन येई, दुसरी जाई. त्याला मात्र जागचे उठू द्यावयाचे नाही, असे ठरले होते. ठरविणारे आम्हीच.

चारच्या सुमारास तो एकदम टेबलाला धरून उभा राहिला आणि तसाच खाली बसला. चेहरा घामाने भिजलेला. आमच्यातल्या कोणी म्हणाले, ढोंग आहे. तेवढ्यात झाडलोट करणारी एक वृद्ध बाई, तिचाही तीन महिन्यांचा पगार थकलेलाच होता, माणसांतून वाट काढीत पुढे आली आणि ओरडली, “अरे साहेबाले घेरी आली ना बाप्पा! सरका, सोडा त्याले!” तिने कपाटावरच्या चहाच्या सामानातून साखर घेतली, पाण्यात कालवली आणि त्याला पाजली. मागाहून कळले की त्याला मधुमेह होता, सकाळी औषध घेतले होते आणि नंतर पोटात काही गेले नव्हते. अर्ध्या तासाने तो नीट बोलू लागला. आम्ही दार मोकळे केले.

‘साहेबाला घेरले’ असे आम्ही सकाळपासून घोषणेत म्हणत होतो. ‘साहेबाला घेरी आली’ हे त्या बाईने म्हटले. दोन शब्द कोशात शेजारी शेजारी आहेत, हे तोवर आमच्या ध्यानात आले नव्हते. मोल्सवर्थच्या त्या पानाचा काळेपणा तिथून सुरू होतो.

त्या रात्री कचेरीत भांडण झाले. एक बाजू म्हणाली, जिंकलेली लढाई बाईने घालवली. आम्ही गप्प होतो. गप्प राहण्याचे कारण दुसरे होते. काही वर्षांपूर्वी, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, गोवारी बांधवांचा मोर्चा या गावात अडवला गेला होता. अनुसूचित जमातीत समावेश करा, एवढे मागणे घेऊन खेड्यापाड्यांतून बायापोरे आली होती. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. स्मारक सीताबर्डीवर उभे आहे. आपण त्यावरून रोज जाता. आम्ही त्या दिवशी दुसऱ्या एका मोर्चाबरोबर यशवंत स्टेडियमजवळ होतो. रात्री रस्त्यावर पडलेल्या चपला पाहिल्या. कड्यात सापडलेल्या माणसाला बाहेर पडण्याची वाट नसली म्हणजे काय होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. आणि तरीही आम्ही स्वतःच्या हाताने दाराला पाठी लावून माणसे बसवली होती. ११४ जीव आणि एका माणसाची घेरी यांची तुलना नाही, असे आपण म्हणाल. आम्हीही तसेच स्वतःला समजावले. पुरते पटले नाही.

दुसरी बोच त्याहून लहान, पण अधिक टिकणारी. जुन्या धरण्यात भूक दोघांची असे, असे आम्ही मघाशी म्हणालो. आम्ही डबे खाल्ले होते.

पगाराचे म्हणाल तर पंधरा दिवसांनी एका महिन्याचा मिळाला. घेरावामुळे मिळाला की मालकाला कच्चा माल उतरवून घ्यावयाचा होता म्हणून मिळाला, हे आजही सांगता येणार नाही. एवढे खरे की ज्याला आम्ही घेरले त्याच्या हातात सहीसुद्धा नव्हती. त्याचाही पगार थकला होता, हे त्याने आम्हाला त्या दिवशी सांगितले नाही. आम्ही विचारलेही नाही. घेरावात हा दोष जन्मजात आहे. जो हाती लागतो त्यालाच घेरता येते, आणि जो हाती लागतो तो बहुधा मालक नसतो.

आता तर तोही हाती लागत नाही. बुटीबोरीला, हिंगण्याला कामगार कंत्राटदाराचा, कंत्राटदार दुसऱ्या कंत्राटदाराचा. घरोघर जेवणाचे डबे आणि सामान पोहोचवणारी पोरे आमच्याकडे येतात. मोबाईलच्या पडद्यावर त्यांचे काम एका क्षणात बंद झालेले असते. विचारतात, काका, घेराव कोणाला घालायचा? आम्ही त्यांना उत्तर देऊ शकलेलो नाही. उलट एक गोष्ट कानांना जाणवते. विदर्भातला माणूस बोलताना ‘कर्जाने घेरलं’, ‘दुखण्याने घेरलं’, ‘चहूकडून घेरलं’ असे म्हणतो. या वाक्यांत घेरणाऱ्या माणसाचे नाव कधीच नसते. शब्द आमच्या हाती होता तेव्हा कर्त्याच्या जागी आम्ही होतो. आता वाक्यात पुन्हा घेरले जाणारेच तेवढे उरले आहेत. संप, मोर्चा, ठराव यांची जागा घेरावाने घेऊ नये असे आमचे मत त्या दिवसापासून झाले आणि ते बदललेले नाही. परंतु घेराव नको म्हणणाऱ्यांनी त्या पोरांना फिर्याद ऐकणारा एक तरी माणूस, एक तरी दार दाखवावे, हेही आमचेच मत आहे.

ती हकिगत पुरी करतो. सातआठ वर्षांनी तो हिशेबखात्याचा अधिकारी आमच्या कचेरीत आला. निवृत्त झाला होता, आणि त्याची ग्रॅच्युइटी त्याच कारखान्याने अडकवून ठेवली होती. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली अर्ज कसा करावयाचा हे विचारण्यास आला होता. आम्हाला त्याने ओळखले. आम्ही तर पायरीवरच ओळखले होते. कचेरी लहान, दुपारची वेळ, पोरे बरीच जमलेली. पाहुणा कोण आहे हे कळताच ती सगळी खुर्चीभोवती गोळा झाली. आम्ही त्यांना दारातून बाजूला व्हावयास सांगितले, बाहेरून चहा मागविला, बिनसाखरेचा, आणि अर्जाचा नमुना काढून त्याचे नाव लिहावयास घेतले.